भिंगाचे मोल : किती आणि कशासाठी?

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरते, तेव्हा भिंतीवरच्या चित्रांपेक्षा गळ्यातल्या कॅमेऱ्यांचीच चर्चा अधिक रंगते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. त्यात ‘लायका’ हे नाव कोणी उच्चारले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, एवढे पैसे मोजून त्या भिंगातून वेगळे असे दिसते तरी काय?” प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात निम्मे कुतूहल आणि निम्मी शंका असते. एक पक्ष म्हणतो, ही सारी हौसेची आणि नावाची किंमत. दुसरा पक्ष म्हणतो, त्या भिंगाची सर दुसऱ्या कशालाच नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही पक्षांची बाजू तपासून पाहण्याचा विचार आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, प्रकाशशास्त्रज्ञ नव्हे. तथापि पंचवीसेक वर्षे रेंजफाइंडर कॅमेरा हाताळल्यामुळे आणि वेगवेगळ्या किमतींची भिंगे स्वतःची अथवा मित्रांची म्हणून वापरावयास मिळाल्यामुळे माझे काही निश्चित मत बनले आहे. ते आरंभीच सांगून टाकतो. औषधाची किंमत आणि औषधाची योग्यता या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसेच भिंगाचे आहे. महाग भिंगाचा गुण खरा असतो; मात्र त्याचे ‘इंडिकेशन’ फार मर्यादित असते. ते इंडिकेशन आपल्या छायाचित्रणात आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

आरसा नसलेला कॅमेरा

बहुतेकांच्या परिचयाच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे एक आरसा असतो. तो प्रकाश वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचवतो आणि बटण दाबताच बाजूला उचलला जातो. रेंजफाइंडरमध्ये हा आरसाच नसतो. कॅमेऱ्याच्या माथ्यावर दोन छोट्या खिडक्या असतात. त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्याला एकावर एक दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या तंतोतंत जुळल्या, की फोकस साधला. आपले दोन डोळे अंतराचा अंदाज ज्या तत्त्वावर घेतात, त्याच त्रिकोणाच्या तत्त्वावर हे यंत्र चालते.

आरसा नसल्याचे दोन लाभ होतात. पहिला असा, की भिंग फिल्मच्या बरेच जवळ बसवता येते. लायकाच्या एम मालिकेत भिंग जेथे टेकते तेथपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर आहे. निकॉनच्या एसएलआरमध्ये हेच अंतर ४६.५ मिलिमीटर असते. त्यामुळे रेंजफाइंडरची भिंगे, विशेषतः रुंद दृश्य टिपणारी, आकाराने लहान ठेवूनही उत्तम रचता येतात. दुसरा लाभ माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने मोलाचा आहे. हा कॅमेरा लहान आणि मृदू आवाजाचा असल्याने मूल बिचकत नाही. ज्या वयात स्टेथोस्कोप पाहूनही रडू फुटते, त्या वयात ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही.

तीन घराणी

या क्षेत्रात मुख्यतः तीन नावे घेतली जातात : लायका, झाइस आणि फोक्टलेंडर. यांपैकी पहिल्या दोघांशी आपली ओळख फार जुनी आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या सूक्ष्मदर्शकांवर मान मोडून आपण स्लाइड पाहिल्या, त्यांतील अनेकांवर ‘लाइट्झ, वेट्झलर’ किंवा ‘कार्ल झाइस, येना’ असे कोरलेले असे. याच लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बारनाक याने १९१४ च्या सुमारास चित्रपटाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा घडवला. १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. त्यासाठीचे भिंग माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने रचले होते. १९५४ साली आलेल्या एम-३ या कॅमेऱ्याबरोबर भिंग बसवण्याची जी खाच ठरली, ती आजतागायत कायम आहे. त्या वर्षीचे भिंग २०२२ साली आलेल्या एम-११ या डिजिटल कॅमेऱ्यावर आजही बसते.

झाइस घराण्याने भिंगांच्या रचना जगाला दिल्या. पाउल रुडॉल्फचे प्लानार हे १८९६ चे, तर लुडविग बेर्टेलेचे झोनार हे १९३० च्या दशकाच्या आरंभीचे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो आणि चित्रावर धूसरपणा आणतो. प्लानारमध्ये असे पृष्ठभाग अधिक, झोनारमध्ये कमी. म्हणून काचेवर परावर्तनरोधक लेप देण्याची कला येईपर्यंत झोनार सरस ठरले. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली असा लेप शोधला आणि त्यानंतर प्लानारचे दिवस आले. पुढे २००४ साली झाइसने लायकाच्या खाचेत बसणारी ‘झेडएम’ मालिका जाहीर केली. तिच्यातील बहुतेक भिंगे जपानमधील कोसिना या कारखान्यात तयार झाली.

फोक्टलेंडर हे नाव तर १७५६ पासूनचे, व्हिएन्ना शहरातले. १८४० साली गणिताने रचलेले पेट्झवालचे प्रसिद्ध भिंग याच कारखान्याने घडवले होते. मात्र आज त्या नावाने मिळणारी भिंगे हीच कोसिना कंपनी १९९९ पासून तयार करत आली आहे. म्हणजे दोन जर्मन नावांमागे बव्हंशी एकच जपानी कारखाना आहे. हे ध्यानात घेतले, की किमतीतील तफावतीचे अर्धे कोडे सुटते.

किमतीची उतरंड

तुलना समानांमध्येच करावी, म्हणून ५० मिलिमीटर नाभीय अंतराची आणि एफ/२ ॲपर्चरची भिंगे घेऊ. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील बाजारभाव असे होते : झाइसचे प्लानार नऊशे डॉलरच्या आत, लायकाचे सुमिक्रॉन दोन हजार डॉलरच्या वर, आणि त्याच वर्षी आलेले लायकाचे ॲपो-सुमिक्रॉन सात हजार डॉलरच्या आसपास. तिन्हींचे नाभीय अंतर एक, ॲपर्चर एक, प्रकाश घेण्याची शक्तीही एक. किंमत मात्र स्थूलमानाने एकास अडीच, एकास आठ. २०२१ साली फोक्टलेंडरने ॲपो-लांथार हे भिंग लायकाच्या खाचेसाठी आणले. तीक्ष्णतेच्या बाबतीत ते थेट ॲपो-सुमिक्रॉनच्या पंक्तीला बसते. किंमत सुमारे हजार डॉलर.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. प्लानार आणि साधे सुमिक्रॉन या दोहोंत काचेचे घटक सहाच आहेत आणि ते चार गटांत मांडलेले आहेत. सुमिक्रॉनची ही रचना वाल्टर मांडलर यांची, १९७९ पासूनची. ॲपो-सुमिक्रॉनमध्ये आठ घटक, तर ॲपो-लांथारमध्ये दहा. म्हणजे खरी उडी साध्या रचनेकडून ‘ॲपो’ रचनेकडे जाताना आहे. लाल, हिरवा व निळा प्रकाश एकाच बिंदूवर आणण्याचे काम त्यात विशेष काचांकडून करून घेतलेले असते.

एमटीएफ : भिंगाचा वाढीचा तक्ता

भिंगाचा गुण मोजण्याचे सर्वमान्य साधन म्हणजे एमटीएफचा आलेख. मुलाच्या वजन-उंचीचा तक्ता वाचता येणाऱ्यास तो वाचणे मुळीच अवघड नाही. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर असते, साधारण शून्य ते २१ मिलिमीटर. उभ्या अक्षावर काँट्रास्ट टक्क्यांत असतो. काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जोड्या भिंगासमोर ठेवल्या, तर प्रतिमेत काळा किती काळा आणि पांढरा किती पांढरा उरला, याचे ते प्रमाण. दर मिलिमीटरला दहा जोड्यांची रेषा भिंगाचा ठसठशीतपणा सांगते. चाळीस जोड्यांची रेषा केस, पापण्या, विणकामाचे धागे अशा सूक्ष्म तपशिलांबद्दल सांगते.

वाढीच्या तक्त्याप्रमाणेच येथेही एका बिंदूवरून निदान करू नये. रेषेची चाल पाहावी. मध्यावर उंच असणारी रेषा कोपऱ्याकडे कोसळत असेल, तर ते भिंग व्यक्तिचित्राला चालेल, परंतु इमारतीच्या चित्राला नाही. आणखी एक पथ्य आहे. काही कंपन्या आलेख निव्वळ गणितावरून काढतात, तर झाइससारखी कंपनी प्रत्यक्ष मोजमापावरून देते. आदर्श बाळाचा तक्ता आणि समोरच्या बाळाचा तक्ता यांत जो फरक, तोच येथे.

फरक कोठे दिसतो आणि कोठे मावळतो

आता कळीचा मुद्दा. भिंगाचे दोष सर्वांत ठळक दिसतात ते ॲपर्चर पूर्ण उघडे असताना. एफ/२ वर साध्या भिंगाच्या कोपऱ्यांत तपशील सैल पडतो. पानांच्या अथवा दिव्यांच्या कडांना जांभळट किंवा हिरवट झाक येते. प्रकाश समोरून आला तर चित्रावर धुके पसरते. ॲपो भिंगांचा पैसा येथे वसूल होतो. त्यांचे कोपरे एफ/२ वरच सुटसुटीत असतात आणि रंगांच्या झालरी जवळजवळ दिसत नाहीत. तथापि किमतीचा क्रम आणि गुणांचा क्रम नेहमी एकच असतो असेही नाही. समोरून येणाऱ्या प्रकाशात मला प्लानार हे त्याच्या दुप्पट किमतीच्या साध्या सुमिक्रॉनपेक्षा अधिक निर्धास्तपणे वापरता आले आहे.

ॲपर्चर जसजसे लहान करावे, तसतसे भिंगाचे दोष कमी होतात आणि निसर्गाचा नियम पुढे येतो. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. कितीही निर्दोष भिंग असले, तरी बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक लहानशी चकती होते. एफ/५.६ वर हिरव्या प्रकाशातील या चकतीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन असतो. वैद्यांना हे माप वेगळे सांगायला नको. तो एका तांबड्या रक्तपेशीचा व्यास आहे. एफ/१६ वर चकती सुमारे एकवीस मायक्रॉन, म्हणजे ओळीने तीन रक्तपेशींएवढी होते. नऊशे डॉलरच्या आणि सात हजार डॉलरच्या भिंगांना हा नियम सारखाच लागू आहे. येथे पैसा काही करू शकत नाही.

म्हणून एफ/५.६ ते एफ/८ या टप्प्यात चारही भिंगे इतकी जवळ येतात, की नेहमीच्या आकाराच्या छापील चित्रात त्यांना वेगळे ओळखणे जवळपास अशक्य होते. तिवईवर एकच कॅमेरा ठेवून, भिंतीला वर्तमानपत्राचे पान लावून, भिंगे बदलत मी घरी ही तुलना करून पाहिली आहे. चित्रांच्या मागे खुणा केल्या आणि पुढून पाहिले. एफ/२ वर कोपऱ्यातील बारीक जाहिराती वाचताना भिंगांची प्रतवारी लावता आली, एफ/५.६ वर खूण उलटून पाहिल्याखेरीज सांगता आले नाही. कॅमेरा तिवईवरून हातात घेतला, की उरलासुरला फरकही हाताच्या कंपात विरून जातो.

मग किंमत कशाने वाढते?

दोषांचा शेवटचा अंश काढणे हे सर्वांत खर्चाचे काम असते. परीक्षेत साठाचे ऐंशी गुण करायला जेवढे श्रम पडतात, त्यापेक्षा कितीतरी अधिक श्रम पंचाण्णवाचे सत्त्याण्णव करायला पडतात. विशेष काच महाग असते आणि ती घासणे अवघड असते. भिंगाचा पृष्ठभाग गोलाचा भाग नसून किंचित वेगळ्या वक्रतेचा, म्हणजे अगोलीय असेल, तर दोष आटोक्यात येतात. परंतु तो घडवणे कठीण. १९६६ सालच्या लायकाच्या नोक्टिलक्स या एफ/१.२ भिंगात असे दोन पृष्ठभाग हाताने घासून तयार करावे लागत. अशा खटाटोपात फार थोडी भिंगे तयार झाली आणि १९७५ साली ते उत्पादन थांबले. आज यंत्रे सुधारली असली, तरी लायकाची भिंगे अल्प संख्येत जुळवली जातात. शिवाय त्यांना लहान आकारात बसवण्याचा हट्ट असतो, आणि युरोपातील मजुरीही त्यात मिळवावी लागते. कोसिनाने ॲपो-लांथार थोडे जाड आणि अधिक घटकांचे केले. तीक्ष्णता तीच राखली आणि किंमत सातव्या हिश्श्यावर आणली. उरलेल्या सहा हिश्श्यांत आटोपशीरपणा आहे, घडणीची नजाकत आहे आणि नावही आहे. नावाला किंमत देणे हा गुन्हा नव्हे. मात्र ती प्रकाशशास्त्राच्या खात्यावर मांडू नये.

बाळाचा चेहरा आणि साडेचार सेंटिमीटर

आता माझ्या विषयाकडे येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने एक मीटर अंतरावरून एफ/२ वर चित्र घेतले, तर सुस्पष्ट दिसणारा पट्टा अवघा साडेचार सेंटिमीटरांचा असतो. बाळाचा डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो. बाळ शांत झोपले असेल, तर हा परिणाम मोहक वाटतो. रांगणारे बाळ मात्र क्षणात साडेचार सेंटिमीटर पुढे सरकते आणि सात हजार डॉलरची तीक्ष्णता त्याच्या मागच्या सतरंजीवर पडते. एफ/५.६ वर हाच पट्टा सुमारे तेरा सेंटिमीटरांचा होतो आणि अख्खा चेहरा त्यात सामावतो. पण एफ/५.६ वर आलो, की किमतीचा फरक मावळला, हे आपण आत्ताच पाहिले.

पूर्वी अपुऱ्या प्रकाशात एफ/१.४ किंवा त्याहून मोठे ॲपर्चर ही गरज होती, कारण फिल्मची संवेदनशीलता मर्यादित होती. डिजिटल सेन्सर मंद प्रकाशातही बऱ्यापैकी काम देतात, त्यामुळे ही गरज पुष्कळ कमी झाली आहे. २००८ साली आलेल्या नोक्टिलक्स एफ/०.९५ ची किंमत काही वर्षांतच दहा हजार डॉलरच्या पुढे गेली. ते एफ/२ च्या चौपटीहून थोडा अधिक प्रकाश घेते; पण एक मीटरवर त्याचा सुस्पष्ट पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरांचा उरतो. ज्याला तो दोन सेंटिमीटरांचा पट्टा हेच आपले चित्र वाटते, त्याने ते जरूर घ्यावे.

ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होते. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. १९४८ साली आपल्या बडोद्यातही त्यांनी महाराज-महाराणींची छायाचित्रे घेतली. लायका आणि बहुतांशी ५० मिलिमीटरचे एक भिंग, एवढीच त्यांची सामग्री. त्या काळातली ती भिंगे आजच्या स्वस्तातील स्वस्त फोक्टलेंडरपुढे एमटीएफच्या परीक्षेत मागे पडतील. चित्रे मात्र मागे पडलेली नाहीत.

आलेखात न दिसणाऱ्या गोष्टी

खरेदीपूर्वी चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, रेंजफाइंडरची जुळणी. खिडकीतील प्रतिमा जुळल्या आणि फोकस मात्र दोन सेंटिमीटर मागे पडला, तर उत्तमोत्तम भिंगही व्यर्थ. दुसरी, काही भिंगांत ॲपर्चर बदलताच फोकस सरकतो. झाइसचे झोनार एफ/१.५ याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ते वापरणाऱ्याने त्याचा स्वभाव ओळखूनच वापरावे. तिसरी, कॅमेरा कोणता. फिल्मसाठी रचलेली काही रुंद भिंगे सेन्सरवर कडेला रंगाची झाक देतात, कारण त्यांचे किरण फार तिरपे येतात. इतर कंपन्यांच्या सेन्सरवरील जाड काचेमुळे कोपरे बिघडतात ते निराळेच. चौथी आपल्या हवामानाची, ती म्हणजे बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटातील चामडी पिशवीत ठेवलेल्या भिंगावर ती जाळे विणते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. बुरशी किंमत विचारत नाही. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहील अशी हवाबंद पेटी आणि त्यात वेळोवेळी सुकवलेले सिलिका जेल, हा प्रतिबंधक उपाय दहा वर्षांत कोणत्याही ॲपो भिंगापेक्षा अधिक तीक्ष्णता वाचवतो.

महाग भिंगाच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. एम खाचेची भिंगे पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि जुन्या बाजारात लायकाचे मोल चांगले टिकते. त्यामुळे एकदा मोजलेली रक्कम सगळीच खर्ची पडत नाही. मात्र ती तोवर अडकून पडते.

तर मग काय घ्यावे?

माझे प्रिस्क्रिप्शन असे. प्रथमच या मार्गाला लागणाऱ्याने ३५ किंवा ५० मिलिमीटरचे एकच फोक्टलेंडर किंवा जुन्या बाजारातील झाइस घ्यावे आणि वर्षभर तेच वापरावे. वर्षाखेर आपली शंभर आवडती चित्रे काढून पाहावीत. त्यांतील किती एफ/२ वर घेतलेली आहेत, किती समोरच्या प्रकाशात, कितींचे कोपरे महत्त्वाचे आहेत आणि किती दोन फुटांहून मोठी छापावयाची आहेत, हे मोजावे. निम्म्याहून अधिक चित्रे या वर्गात पडली, तर ॲपो भिंगाचे इंडिकेशन आहे असे समजावे. त्यातही आधी ॲपो-लांथार. कॅमेरा खिशात मावलाच पाहिजे, घडण हाताला सुखवलीच पाहिजे आणि रक्कम संसाराला जड जात नसेल, तर लायका घ्यावे आणि निःसंकोचपणे त्याचा आनंद भोगावा.

परंतु अधिक चांगल्या भिंगासाठी पैसे साठेपर्यंत चित्रे काढणे लांबणीवर टाकू नये. अर्भकाचे वजन पहिल्या वर्षात तिप्पट होते. दात येतात, पहिले पाऊल पडते, चेहऱ्याची ठेवण बदलते. तीन वर्षे पैसे साठवून सात हजार डॉलरचे भिंग घरात येईल तेव्हा रांगणारे मूल बालवाडीत जाऊ लागलेले असेल. त्याच्या रांगण्याचे चित्र त्यानंतर कोणत्याही भिंगातून, कोणत्याही किमतीला घेता येणार नाही. हाताशी जे भिंग आहे, त्याचे ॲपर्चर एफ/५.६ वर आणावे, मुलाच्या उंचीपर्यंत खाली बसावे आणि बटण दाबावे. उरलेल्या पैशांतून चित्राची एक चांगली प्रत छापून त्याच्या आजीच्या हाती द्यावी.